माळवदाच्या घराचे नूतनीकरण : होटगी परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

अन्न, वस्त्र आणि निवारा या मानवाच्या तीन मूलभूत गरजांपैकी निवारा ही गरज एकदा भागली की संपत नाही. कुटुंब वाढते, विभागते, व्यवसाय बदलतो आणि घरालाही बदलावे लागते. सोलापूर जिल्ह्याच्या दक्षिण सोलापूर तालुक्यातील होटगी हे गाव या बदलाचा विचार करण्यास योग्य ठिकाण आहे. येथे एक लोहमार्ग विजापूरमार्गे गदगकडे आणि दुसरा कलबुर्गी, शहाबाद, वाडीकडे जातो. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा येथील घरांत नांदतात, आणि घराच्या भागांची नावेही दोन्ही भाषांच्या सहवासात घडली आहेत. या परिसरातील गावांच्या जुन्या वस्तीत दगड-मातीच्या भिंतींची माळवदाची घरे आढळतात. त्यांच्या शेजारीच सिमेंटच्या स्लॅबची नवी घरे उभी राहत आहेत.

घराचे नूतनीकरण म्हणजे रंग, फरशी आणि फर्निचर, अशी समजूत सर्वसाधारणपणे आढळते. वास्तविक या प्रदेशात नूतनीकरणाचे प्रश्न दोन आहेत : उन्हाळ्यात घर थंड कसे राहील, आणि डोक्यावरचे छत सुरक्षित कसे राहील. जुन्या घराने पहिला प्रश्न उत्तम सोडवला होता, परंतु दुसऱ्या प्रश्नात ते कमी पडले. नव्या घरात पुष्कळदा याच्या उलट घडते. प्रस्तुत लेखात या दोन्ही प्रश्नांचा मेळ घालून खोलीनिहाय विचार केला आहे.

माळवदाची रचना

माळवदाच्या घरात लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे आणि त्यांवर फळ्या किंवा किलचा अंथरलेल्या असतात. त्यावर झाडपाला पसरून पांढऱ्या मातीचा जाड थर देतात. हा थर चोपून त्याला किंचित उतार दिला जातो आणि पावसाचे पाणी पन्हळीवाटे बाहेर काढले जाते. बाहेरच्या भिंती मातीत रचलेल्या दगडाच्या, दीड ते दोन फूट किंवा त्याहून अधिक जाडीच्या असतात. छतातील झरोक्यांतून उजेड आत येतो व धूर बाहेर जातो. पडसाळ, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, धान्याचे बळद, भिंतीतील देवळ्या व कोनाडे आणि मागचा परस असा या घराचा विस्तार असतो.

एप्रिल-मे महिन्यांत या भागात तापमान चाळीस अंशांच्या वर जाते. होटगीच्या अक्षांशावर मे महिन्याच्या पूर्वार्धाच्या सुमारास सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो. म्हणजेच उन्हाळ्यात सर्वांत जास्त ऊन भिंतींवर नव्हे, तर छतावर पडते. मातीचा जाड थर व जाड भिंती हे ऊन सावकाश शोषतात. दुपारची उष्णता आतल्या बाजूस पोहोचेपर्यंत रात्र झालेली असते आणि तोवर बाहेरची हवा थंड होऊ लागते. याउलट चार-पाच इंचांचा उघडा स्लॅब तीन-चार तासांतच आतून तापतो. त्यामुळे दुपारी तापलेला स्लॅब संध्याकाळी, नेमक्या विश्रांतीच्या वेळी, खोलीत उष्णता सोडू लागतो. नवे घर ‘रात्री तापते’ अशी तक्रार ऐकू येते, तिचे कारण हेच आहे.

वजनाचा धोका

माळवदाचा गुण ज्या मातीत आहे, त्याच मातीत त्याचा दोषही आहे. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर एक फूट जाडीचा थर असल्यास ती शंभर घनफूट माती होते. एका घनफुटाचे वजन सुमारे पंचेचाळीस किलो धरले, तर डोक्यावर साडेचार टन भार असतो. गळती थांबवण्यासाठी पावसाळ्यापूर्वी दरवर्षी नवी माती टाकण्याची पद्धत आहे. जुनी माती न काढता दोन इंच माती वाढवली, तरी एका वर्षात याच खोलीवर साडेसातशे किलोंची भर पडते. माती भिजली की वजन आणखी वाढते. दरम्यान वाळवीने किंवा ओलीने तुळईचे टोक आतून पोखरलेले असू शकते.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. होटगीपासून किल्लारी सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. सुमारे आठ हजार माणसे त्यात मृत्युमुखी पडली. झोपेत असलेली माणसे मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि जड छत यांखाली सापडली. या भिंतींची आतली व बाहेरची अशी दोन दगडी अंगे असतात आणि मध्ये लहान दगड व माती भरलेली असते. दोन्ही अंगांना बांधणारे लांब दगड नसल्यास हादऱ्याने ती एकमेकांपासून सुटतात व भिंत फुगून कोसळते. चांगले जोडलेले लाकडी सांगाडे मात्र अनेक ठिकाणी उभे राहिले. माती आणि लाकूड ही सामग्री मुळात सदोष नाही. अतिरिक्त वजन आणि सांध्यांचा अभाव हे दोष आहेत, हा धडा त्यातून मिळतो.

नूतनीकरणापूर्वीची पाहणी

रंग किंवा फरशी निवडण्यापूर्वी घराची पाहणी होणे आवश्यक आहे. तुळया व खांबांची टोके टोकदार हत्याराने टोचून पाहावीत. लाकूड भुसभुशीत लागल्यास ते आतून गेले आहे असे समजावे. छतावर एका कोपऱ्यात लहान खड्डा घेऊन मातीची खरी जाडी मोजावी. भिंतीला कुठे फुगवटा आला आहे का, हे ओळंबा लावून पाहावे.

भिंतीला तिरपी भेग असल्यास कारण पुष्कळदा पायाखाली असते. या भागातील काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया मुरमापर्यंत गेलेला नसल्यास भिंत तिच्याबरोबर हलते. केवळ भेग बुजवल्याने हा दोष जात नाही. घराभोवती बाहेरच्या बाजूस उतार देऊन शहाबादी फरशीचा तीन फुटांचा पट्टा करावा. न्हाणीचे व पन्हळीचे पाणी पायापासून दूर न्यावे. कमी खर्चात घराचे आयुष्य वाढवणारा हा उपाय आहे.

छताचे तीन पर्याय

पहिला पर्याय माळवद राखण्याचा आहे. साचलेली माती उतरवून थर सात-आठ इंचांपर्यंत आणावा, खाली जलरोधक जाड प्लास्टिक अंथरावे आणि वर उतार नीट करावा. खांब व तुळई यांच्या कोनात तिरपे लाकडी आधार बसवावेत. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार बांधदगड किंवा काँक्रीटचे बांध घालावेत. यामुळे भार कमी होतो, गारवा बऱ्याच अंशी टिकतो आणि दरवर्षी माती टाकण्याची गरज उरत नाही.

दुसरा पर्याय स्लॅबचा आहे. साडेचार इंचांच्या स्लॅबचे वजन वरील खोलीसाठी पावणेतीन टनांच्या आसपास, म्हणजे फूटभर मातीपेक्षा कमी भरते. येथेच गैरसमज होतो. माळवदाचा भार प्रामुख्याने लाकडी खांबांवर असतो, तर खांब काढून टाकलेला स्लॅब थेट मातीत रचलेल्या जुन्या भिंतींवर बसतो. ज्या भिंतींनी हा भार कधी पेललाच नव्हता, त्यांच्यावर तो टाकणे धोक्याचे आहे. स्लॅब करावयाचा असल्यास स्वतंत्र काँक्रीटचे खांब व पाया आवश्यक आहेत, आणि त्यासाठी अभियंत्याचा सल्ला घ्यावा. त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा, पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी किंवा दर उन्हाळ्यात चुन्याचा पांढरा हात दिल्यास उष्णता लक्षणीय कमी होते.

तिसरा पर्याय पत्र्याचा आहे. पत्रा वजनाने हलका आणि स्वस्त असतो, परंतु तो उन्हात तात्काळ तापतो. पत्र्याखाली फूटभर पोकळी सोडून दुसरे हलके छत घालावे आणि पोकळीतील गरम हवा बाहेर जाण्यासाठी दोन्ही टोकांना झरोके ठेवावेत.

खोलीनिहाय विचार

पडसाळ : ही घराची बैठक आहे. नूतनीकरणात पडसाळीच्या पुढील भागाला काचेच्या खिडक्या लावून ती बंद करण्याकडे कल दिसतो. त्यामुळे सावली देणारा भागच उन्हाचा सापळा बनतो. दक्षिणेकडील खिडकीला दीड-दोन फुटांचा छज्जा पुरतो. पश्चिमेचे ऊन तिरपे येत असल्याने तेथे छज्जा निष्प्रभ ठरतो. पश्चिमेला जाळी, वेल किंवा कडुनिंबासारखे झाड उपयोगी पडते. झाड मात्र भिंतीपासून दूर असावे.

माजघर : जुन्या माजघरात गारवा असतो, पण उजेड नसतो. मोठी खिडकी पाडण्याऐवजी छतातील झरोक्याला काच व बाजूने जाळी बसवल्यास उजेड येतो आणि वर चढलेली गरम हवाही निघून जाते. कोनाडे व देवळ्या बुजवू नयेत. त्यांना फळ्या बसवल्या की पुस्तकांचे व भांड्यांचे फडताळ तयार होते आणि खोलीतील जागा अडत नाही. वापरात नसलेले बळद कपडे व अंथरुणे ठेवण्यास उपयोगी पडते.

स्वयंपाकघर : चुलीच्या जागी गॅस आल्यावर उभ्याने काम करण्याचा ओटा सर्वत्र आला. त्याची उंची सामान्यतः बत्तीस ते चौतीस इंच असते. या परिसरात ज्वारीची भाकरी रोजची आहे, आणि भाकरी थापताना खांद्यातून खाली दाब द्यावा लागतो. त्यासाठी ओट्याचा एक भाग चार-पाच इंच खाली घेतल्यास खांदे व पाठ यांवरील ताण कमी होतो. ज्या घरात वडीलधारी स्त्री बसून भाकरी करते, तेथे खाली बसून काम करण्याची जागाही राखावी. ओट्याची उंची गवंड्याच्या सवयीने ठरू नये. तेथे काम करणाऱ्या व्यक्तीच्या कोपराच्या उंचीवरून ती ठरावी. चूल वापरात असल्यास धुराला वरून वाट असणे अनिवार्य आहे.

न्हाणीघर व शौचालय : परसातील या सोयी घराला जोडल्या जातात तेव्हा सर्वाधिक ओल याच भागातून भिंतीत शिरते. जुन्या मातीच्या भिंतीला लागून नळ व निचऱ्याचे पाइप घेऊ नयेत. मध्ये विटांची स्वतंत्र भिंत बांधावी. फरशीला दर फुटाला पाव इंच उतार असावा. गुळगुळीत चकचकीत फरशीपेक्षा खरबरीत शहाबादी फरशी वृद्धांसाठी सुरक्षित असते. भिंतीला पकडण्याची दांडी बसवणे हा अत्यल्प खर्चाचा, परंतु महत्त्वाचा उपाय आहे.

लहान घर आणि घरातील काम

सर्वांच्या वाट्याला वाडा येत नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या २०१६ साली सुरू झालेल्या ग्रामीण विभागात घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट ठरवले आहे. होटगीप्रमाणेच दक्षिण सोलापूर तालुक्यात असलेल्या कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत २००६ मध्ये, तर असंघटित कामगारांच्या रे नगरमधील पहिली पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये हस्तांतरित झाली.

विडी वळणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने घर हेच कामाचे ठिकाण असते. अशा घराची सजावट कामापासून सुरू झाली पाहिजे. उत्तरेच्या खिडकीजवळ दिवसभर स्थिर उजेड मिळतो. तेथे पाठीला टेकण मिळेल अशी बैठक असावी. तंबाखू झाकणाच्या पेटीत, स्वयंपाकापासून आणि मुलांच्या झोपण्याच्या जागेपासून दूर ठेवावी. समोरासमोर खिडक्या असल्यास भुकटी खोलीत साचत नाही. भिंतीला दुमडणारी फळी, खाली कप्पे असलेला दिवाण आणि दाराच्या वरची फडताळे यांमुळे तीच खोली दिवसा कामाची, संध्याकाळी अभ्यासाची व रात्री झोपण्याची होऊ शकते.

शैली आणि सामग्री

वाड्याची पारंपरिक शैली, मोजक्या वस्तूंची आधुनिक शैली आणि दोहोंचा संगम असे तीन प्रकार सध्या प्रचलित आहेत. यांपैकी कोणताही निवडला तरी एक तत्त्व लक्षात ठेवावे : मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा देऊ नये. माती ओल शोषते व सोडते; सिमेंटमुळे ती ओल आत अडकते, गिलावा सुटतो आणि भिंत आतून कमकुवत होते. चुन्याचा गिलावा व चुन्याची सफेदी या भिंतींना मानवते. जवळच्या शहाबादची फरशी पायाला थंड लागते व दुरुस्तीस सोपी असते. जुन्या तुळया व दारे घासून तेल लावल्यास नव्या फर्निचरपेक्षा अधिक शोभा देतात. भौगोलिक निर्देशांक मिळालेली सोलापुरी चादर दिवाणावर व पडद्यासाठी वापरता येते.

समारोप

वरील विवेचनावरून असे स्पष्ट होते की, माळवदाचे घर जसेच्या तसे जपणे किंवा सरसकट पाडणे ही दोन्ही टोके टाळता येण्यासारखी आहेत. जुन्या घराचा गारवा, सावली, झरोके व कोनाडे ठेवावेत. त्याचे वजन, ओल आणि सुटे सांधे दूर करावेत. क्रमही तितकाच महत्त्वाचा आहे. प्रथम पाया व पाण्याचा निचरा, नंतर छत व भिंतींचे बांध, त्यानंतर हवा व उजेड आणि सर्वांत शेवटी रंग व सजावट. हा क्रम उलटला तर नव्या रंगाखाली जुनी भेग तशीच राहते. मे महिन्याच्या दुपारी जेथे लेकरू शांत झोपते आणि पावसाळ्याच्या रात्री वडीलधाऱ्यांना छताकडे पाहत जागावे लागत नाही, त्या घराचे नूतनीकरण यशस्वी झाले असे म्हणता येईल.