खेळाचा पैसा आणि वाटणीचे नियम

जून १९८३ मध्ये लॉर्ड्सच्या मैदानावर भारताने विश्वचषक जिंकला, तेव्हा क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्षपद नागपूरच्या एन. के. पी. साळवे यांच्याकडे होते. विजेत्या खेळाडूंचा यथोचित गौरव करावा एवढाही पैसा त्या वेळी मंडळाच्या तिजोरीत नव्हता. लता मंगेशकर यांनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला आणि त्याच्या उत्पन्नातून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये देण्यात आले. त्याच मंडळाने जून २०२२ मध्ये इंडियन प्रीमियर लीगच्या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले. एका पिढीच्या आत घडून आलेले हे परिवर्तन आहे, आणि त्याकडे पाहण्याच्या दोन ठराविक दृष्टी आपल्याकडे रूढ आहेत. पैसा आला आणि खेळ नासला, असे काही जण म्हणतात. पैसा आला म्हणूनच खेळ वाढला, असे इतरांचे म्हणणे असते. वस्तुतः दोन्ही विधाने अपुरी आहेत. पैशाला स्वतःची अशी दिशा नसते. त्याची वाटणी कोणत्या नियमाने होते आणि तो नियम कोण करतो, यावर खेळाचे स्वरूप ठरते.

खेळाच्या अर्थकारणाचे एक वैशिष्ट्य येथे लक्षात घेतले पाहिजे. साबणाच्या कारखानदाराला प्रतिस्पर्धी कारखाना बंद पडला तर आनंदच होईल. क्रीडासंघाचे तसे नाही. समोरचा संघ दुबळा झाला की सामन्यातील अनिश्चितता संपते आणि प्रेक्षक घरी जातो. वॉल्टर नील या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ साली लिहिलेल्या एका निबंधात हे मर्म सांगितले होते: खेळाच्या धंद्यात प्रतिस्पर्धी हाच सहउत्पादक असतो. म्हणून या धंद्यात निव्वळ खुली स्पर्धा चालत नाही; मालकांना आपसांत नियम करावेच लागतात. मात्र सामना रंगतदार राहावा म्हणून केलेला नियम कोणता आणि खेळाडूला स्वस्तात राबवता यावे म्हणून केलेला कोणता, हे प्रत्येक वेळी तपासून पाहावे लागते.

या तपासणीसाठी अमेरिकेतील फुटबॉलचे उदाहरण उपयोगी पडते. हा खेळ आपल्या फुटबॉलहून सर्वस्वी भिन्न. अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावण्याचा आणि धडका देण्याचा. १९६१ साली अमेरिकी संसदेने कायदा करून व्यावसायिक संघांना आपले दूरचित्रवाणी हक्क एकत्रितपणे विकण्याची मुभा दिली. नॅशनल फुटबॉल लीगचे संघ हे राष्ट्रीय उत्पन्न सारखे वाटून घेतात. त्यामुळेच न्यूयॉर्कसारख्या महानगराच्या बरोबरीने ग्रीन बे हे जेमतेम लाखभर वस्तीचे गाव आपला संघ टिकवून आहे, आणि त्या संघाचा मालक कोणी धनाढ्य नसून हजारो लहान भागधारक आहेत. १९३६ पासून तेथे नव्या खेळाडूंची निवड उलट्या क्रमाने होते. तळाच्या संघाला पहिली पसंती मिळते. १९९४ पासून प्रत्येक संघाच्या वेतनखर्चाला कमाल मर्यादा आहे. भांडवलशाहीचे माहेरघर समजल्या जाणाऱ्या देशात संघमालकांनी आपल्यापुरता समाजवाद आणला आहे, असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही.

तथापि, या नियमांना दुसरी बाजू आहे. ज्या खेळाडूला आपला संघ निवडता येत नाही, त्याला आपल्या श्रमाची किंमतही ठरवता येत नाही. सायमन रॉटेनबर्ग यांनी १९५६ मध्ये बेसबॉलच्या संदर्भात दाखवून दिले की, खेळाडूला संघाशी बांधून ठेवणाऱ्या नियमाने गुणी खेळाडूंची संघांमधील विभागणी फारशी बदलत नाही. बदलते ते एवढेच, की खेळाडूच्या गुणांचे मोल त्याच्या खिशात न जाता मालकाच्या खिशात जाते. फुटबॉलपटूंनी यावर उपाय म्हणून संघटना उभारली, संप केले, न्यायालये गाठली. आज तेथील सामूहिक करारानुसार लीगच्या उत्पन्नातील सुमारे ४८ टक्के वाटा खेळाडूंना मिळतो. वेतनाला कमाल मर्यादा आहे, पण ती उत्पन्नाच्या प्रमाणात बांधलेली आहे.

आपल्या लीगने २००८ साली हा आराखडा बव्हंशी उचलला. प्रक्षेपणाचे उत्पन्न एकत्र गोळा करणे, त्यातून संघांना हिस्सा देणे, आणि प्रत्येक संघाला खेळाडूंवरील खर्चाची मर्यादा घालणे हे सर्व त्यात आले. पहिल्या लिलावात ही मर्यादा ५० लाख डॉलर होती. खेळाडूंची संघटना मात्र या आराखड्यातून वगळली गेली. २०१० साली दुसऱ्या संघाशी परस्पर बोलणी केल्याबद्दल रवींद्र जडेजाला वर्षभर लीगमधून बाहेर ठेवण्यात आले. २०११ ते २०१३ या काळात भारताकडून न खेळलेल्या खेळाडूंना लिलावात स्थानच नव्हते. अनुभवाच्या वर्षांनुसार १०, २० किंवा ३० लाख रुपये असे दर त्यांच्यासाठी नेमून दिलेले होते, मग मागणी कितीही असो. २०१९ मध्ये क्रिकेटपटूंची अधिकृत संघटना स्थापन झाली, पण ती निवृत्त खेळाडूंची आहे. आज मैदानात घाम गाळणाऱ्याच्या वतीने वाटाघाट करणारे कोणी नाही.

याचा परिणाम साध्या गणिताने दिसून येतो. २०२५ च्या हंगामासाठी लिलावाची रक्कम, सामना मानधन आणि कामगिरीचे पैसे मिळून प्रत्येक संघाची मर्यादा सुमारे १४६ कोटी रुपये होती. दहा संघांचे १,४६० कोटी झाले. प्रक्षेपण हक्कांचे वार्षिक उत्पन्न सरासरीने ९,६७८ कोटी येते. म्हणजे प्रायोजक आणि तिकीटविक्री हिशेबात न धरताही खेळाडूंच्या वाट्याला रुपयामागे जास्तीत जास्त पंधरा पैसे येतात. लिलावातील विक्रमी बोलीचे मथळे वाचून आपण थक्क होतो, ते वाटणीच्या या प्रमाणाकडे आपले लक्ष जात नाही म्हणून.

आता विदर्भाकडे वळू. रणजी स्पर्धेत विदर्भाचा स्वतंत्र संघ १९५७-५८ च्या हंगामापासून खेळतो. साठ वर्षे त्याची गणना दुबळ्या संघांत होत असे. पुढे २०१७-१८ आणि २०१८-१९ असे लागोपाठ दोनदा आणि त्यानंतर २०२४-२५ मध्ये त्याने करंडक जिंकला. खापरखेड्याच्या परिसरातील कोळसा खाणीच्या वसाहतीत वाढलेला उमेश यादव २०११ मध्ये कसोटी खेळणारा विदर्भाचा पहिला क्रिकेटपटू ठरला. अमरावतीच्या जितेश शर्माला २०२५ च्या हंगामासाठीच्या लिलावात ११ कोटी रुपये मिळाले. हे यश आकाशातून पडलेले नाही. नियामक मंडळाच्या उत्पन्नातून संलग्न संघटनांना हिस्सा मिळतो. त्या पैशातून वर्धा मार्गावर जामठ्याचे मैदान उभे राहिले, सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर निवासी अकादमी चालली. बाहेरून मोजके व्यावसायिक खेळाडू घेण्याची नियमाने मुभा असल्याने वसीम जाफर, गणेश सतीश, पुढे करुण नायर असे अनुभवी फलंदाज आले, चंद्रकांत पंडित यांच्यासारखा प्रशिक्षक लाभला. आणि त्यांच्या सावलीत रजनीश गुरबानी, आदित्य सरवटे, अक्षय वाडकर, हर्ष दुबे ही आपली मुले तयार झाली.

हा हिस्सा ज्या नियमावर आधारलेला आहे, तो किती नाजूक आहे याचा प्रत्यय जुलै २०१६ मध्ये आला. लोढा समितीच्या शिफारशी मान्य करताना सर्वोच्च न्यायालयाने 'एक राज्य, एक मत' हे तत्त्व स्वीकारले. महाराष्ट्रात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ अशा तीन संघटना असल्याने मताचा अधिकार त्यांना आळीपाळीने मिळणार होता. ९ ऑगस्ट २०१८ रोजी न्यायालयाने हा मुद्दा फिरवला आणि या तिन्ही संघटनांचे पूर्ण सदस्यत्व कायम राखले. राज्याराज्यांत समानता असावी हे तत्त्व ऐकायला न्याय्य वाटते. पण जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडातून आलेल्या आणि १९५३ च्या नागपूर कराराच्या आश्वासनांवर महाराष्ट्रात सामील झालेल्या प्रदेशाला तीन वर्षांतून एकदा आवाज देणे, ही कोणती समानता? सिंचन, रस्ते, शिक्षण यांतील अनुशेष दांडेकर समितीने १९८४ मध्ये आकडेवारीनिशी मांडला, आणि त्यावरची चर्चा अद्याप संपलेली नाही. क्रिकेटमध्ये मात्र विदर्भाला स्वतंत्र मत आणि स्वतंत्र वाटा आहे. मुलांचे आणि प्रशिक्षकांचे कर्तृत्व कमी न लेखताही असे म्हणता येईल की, हक्काचा वाटा थेट हाती आला की मागास म्हणवणारा प्रदेश काय करू शकतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

परंतु विदर्भाच्या संघापर्यंत आलेला हा पैसा त्याच्या खाली कितपत झिरपतो? २०२१ मध्ये ठरलेल्या दरांनुसार वीसपर्यंत सामने खेळलेल्या रणजीपटूला दिवसाला ४०,००० रुपये मिळतात. चार दिवसांच्या सामन्याचे एक लाख साठ हजार आणि साखळीतील सात सामन्यांचे अकरा लाख वीस हजार रुपये झाले. दुसरीकडे, २०२५ च्या हंगामापासून लीगमध्ये एका सामन्याचे मानधनच साडेसात लाख आहे आणि लिलावातील सर्वांत कमी मूळ किंमत ३० लाख. रणजीची संपूर्ण साखळी उन्हातान्हात खेळून जे मिळते, ते लीगच्या दोन सामन्यांत मिळून वर उरते. अशा स्थितीत एखाद्या तरुण गोलंदाजाने दिवसाची वीस षटके टाकण्याची तयारी सोडून चार षटकांचे कौशल्य जोपासले, तर त्याला दोष कसा देणार? नियमांनी ज्या गुणाला भाव दिला, तोच गुण बाजारात येणार.

आणखी खालच्या पायरीवर महाविद्यालये आहेत. येथे अमेरिका आणि आपण यांची टोके विरुद्ध आहेत. मैदानावरील मृत्यूंनी हादरलेल्या अमेरिकी महाविद्यालयांनी १९०६ साली एक संघटना स्थापून खेळाचे नियम बदलले. पुढे या विद्यार्थ्यांच्या खेळावर कोट्यवधी डॉलरचा व्यवसाय उभा राहिला; प्रशिक्षकांचे पगार राज्यपालांहून कितीतरी मोठे झाले, पण हौशीपणाच्या पवित्र नावाखाली खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे दमडी घेता येत नसे. १९८४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने दूरचित्रवाणी सामन्यांवरील संघटनेची मक्तेदारी मोडली. २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक लाभांवर संघटनेने घातलेल्या मर्यादा एकमताने बेकायदा ठरवल्या. जून २०२५ मधील न्यायालयीन तडजोडीनंतर महाविद्यालये आपल्या खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पैसा भरपूर होता, न्याय्य वाटणीला शंभर वर्षांहून अधिक काळ लागला.

आपल्याकडे वाटण्यासारखे काही नाही, हेच दुखणे आहे. आंतरविद्यापीठ क्रिकेटचा रोहिंटन बारिया करंडक १९३५ पासूनचा. सुनील गावसकर मुंबई विद्यापीठाकडून खेळत पुढे आले. आज ही स्पर्धा किती वाचकांच्या खिजगणतीत आहे? प्रवेश घेताना प्रत्येक विद्यार्थी क्रीडा शुल्क भरतो. पण परीक्षेच्या वेळापत्रकाला सामन्यांचे सोयरसुतक नसते आणि क्रीडाशिक्षकाचे पद रिक्त राहिले तर त्याची दाद नाही. सरावामुळे हजेरी कमी पडलेला मुलगा अर्ज घेऊन खोलीबाहेर उभा राहतो, तेव्हा त्याला द्यायला प्राध्यापकाजवळ सहानुभूतीखेरीज काही नसते. लिलावात ज्यांचे नाव पुकारले जाते ते शेकड्यांत मोजता येतात. ज्यांनी त्या आशेवर पदवी अर्धवट सोडली त्यांची मोजदाद कोणी केलेली नाही.

यासाठी तीन गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. एक, खेळत असलेल्या क्रिकेटपटूंच्या संघटनेला मान्यता देऊन वेतनाची मर्यादा उत्पन्नाच्या ठराविक टक्केवारीशी बांधावी. दोन, प्रक्षेपण हक्कांच्या उत्पन्नातील निश्चित हिस्सा विद्यापीठे आणि जिल्हा मैदाने यांच्यासाठी राखून ठेवावा, आणि त्याचा जमाखर्च दरवर्षी प्रसिद्ध व्हावा. तीन, वेळापत्रकाला संरक्षण द्यावे. अमेरिकेच्या ज्या १९६१ च्या कायद्याचा वर उल्लेख केला, त्यात हंगामातील शुक्रवारची रात्र आणि शनिवार शाळा-महाविद्यालयांच्या सामन्यांसाठी राखण्याची तरतूद आहे; धनवान लीगने त्या वेळी आपले सामने दाखवू नयेत असा त्याचा आशय. आपल्या विद्यापीठांनीही परीक्षा आणि स्पर्धा एकत्र बसवून वर्षाचे वेळापत्रक आखले, तर त्याला एक पैसाही लागणार नाही.

ही भीक मागितली जात आहे असे कोणी समजू नये. प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये क्रिकेटच्याच एका खटल्यात दिलेला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासनाचा कायदाही केला आहे. सार्वजनिक मालमत्तेच्या आधारावर वाढलेल्या उत्पन्नातून कस्तुरचंद पार्कवर किंवा एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयामागील माळावर खेळणाऱ्या मुलाचा वाटा किती, हा प्रश्न आता नियम करणाऱ्यांना विचारला गेला पाहिजे. विदर्भाने आपल्या वाट्याचे सोने करून दाखविले आहे, तेव्हा तो विचारण्याचा अधिकार विदर्भाला इतरांहून थोडा अधिकच पोहोचतो.