प्रश्न उद्भवत नाही
(सभागृहाचा हिशेब : भाग सहावा)

अधिवेशनाच्या दिवसांत विधानसभेची ‘तारांकित प्रश्नोत्तरांची यादी’ एकदा तरी बारकाईने वाचावी. इतके कोरडे मराठी गद्य शोधून सापडायचे नाही, आणि तरी त्यात रोज लढाई चाललेली असते. प्रश्नाचा साचा पिढ्यान्‌पिढ्या तोच. अमुक तालुक्यातील अमुक कामात गैरव्यवहार झाल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय. असल्यास, या प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय. असल्यास, त्यात काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? त्याखाली मंत्र्यांच्या नावाने उत्तर: ‘(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.’

मागच्या भागात आपण पाहिले, की हजारो कोटींच्या मागण्या अखेरच्या दिवशी चर्चेविना कशा एका दमात मंजूर होतात. कपात सूचना नावापुरत्या राहतात, कारण त्या मंजूर झाल्या तर सरकारच पडायची वेळ येईल, आणि बहुमत असताना ती येत नाही. म्हणजे पैसा देताना आमदाराचा हात बांधलेला असतो. दिलेल्या पैशाचे काय झाले हे विचारताना मात्र तो मोकळा असतो. सत्ताधारी पक्षाच्या आमदारालाही इथे व्हिप आड येत नाही. उत्तराला नकार देता येत नाही, म्हणून मग ते चुकवण्याची कला विकसित होते.

ती कला समजून घ्यायची तर प्रश्नाचा प्रवास पाहायला हवा. सरकारी कार्यालयांत त्याला ‘एलएक्यू’ म्हणतात. आमदाराची सूचना विधानमंडळ सचिवालयातून मंत्रालयातल्या संबंधित विभागात येते, तिथून जिल्ह्याला जाते, जिल्ह्यातून तालुक्याला. ज्या कामाबद्दल तक्रार आहे ते काम करणारे कार्यालयच बहुतेक वेळा पहिला अहवाल पाठवते. तो वर चढत कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावर येतो. तिथे उत्तराचा मसुदा तयार होतो आणि अवर सचिव, उपसचिव, सचिव अशा पायऱ्या चढून मंत्र्यांच्या सहीला जातो. प्रश्न आमदाराने विचारलेला असतो आणि उत्तर मंत्री देतो, पण लेखी उत्तराचा खरा लेखक कक्ष अधिकारी असतो, आणि तो शब्द फार जपून वापरतो.

समजा, आमदाराने विचारले, की ‘सदर पुलावर ३ कोटी ४० लाख रुपये खर्च होऊनही काम अपूर्ण आहे, हे खरे आहे काय?’ खर्च झाला असेल ३ कोटी ३८ लाख. पूल अर्धाच उभा आहे याबद्दल कुणाचे दुमत नाही. तरीही ‘हे खरे नाही’ असे उत्तर देता येते, आणि पहिल्याच पायरीवर नकार आला की पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप कोसळतात. त्यातल्या त्यात प्रामाणिक कार्यालय ‘हे अंशतः खरे आहे’ असे लिहिते. माझ्या मते यादीतली सर्वांत वाचनीय उत्तरे हीच, कारण कोणता अंश खरा ते पुढे सांगावेच लागते.

म्हणून जाणता आमदार आरोप करत बसत नाही, आकडा मागतो. या कामासाठी कोणत्या वर्षी किती तरतूद झाली, किती वितरित झाली, किती खर्ची पडली, कोणत्या कंत्राटदाराला, किती मुदतवाढीनंतर? अशा प्रश्नाला ‘खरे नाही’ हे उत्तर व्याकरणातच बसत नाही. वर्षनिहाय, जिल्हानिहाय असे दोन शब्द घातले, की उत्तरात तक्ता येतो, आणि तक्त्यात लपायला जागा कमी. अतारांकित प्रश्नांना फक्त लेखी उत्तर मिळते, त्यावर सभागृहात काही बोलता येत नाही. म्हणून अनेक जण त्यांना दुय्यम मानतात. मला ते पटत नाही. खर्चाच्या बाबतीत निम्मी खरी माहिती तिथेच पडलेली असते, फक्त तिला टाळ्या मिळत नाहीत.

तारांकिताची गंमत वेगळी. लेखी उत्तर सदस्यांच्या हाती आलेले असते, आणि मग सुरू होतात उपप्रश्न. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित प्रश्न असतात. तासाभरात त्यातले जेमतेम पाच-सहा होतात, उरलेल्यांची उत्तरे पटलावर ठेवली असे समजले जाते. पण जे पुकारले जातात, त्यांच्यावर मंत्र्याला उभे राहून, कागदाबाहेरचे बोलावे लागते. अधिकारी गॅलरीतून चिठ्ठ्या येतात, त्या पोहोचेपर्यंतचे काही क्षण मंत्र्याचे स्वतःचे असतात. खाते किती समजले आहे ते तेवढ्यात कळते.

उपप्रश्नाचा हा हक्क आपल्याला उशिरा आणि तुकड्यातुकड्याने मिळाला. १८९२च्या कायद्याने विधिपरिषदेतल्या सदस्यांना प्रश्न विचारायची मुभा दिली; १८९३च्या फेब्रुवारीत भिंग्याच्या राजांनी पहिला प्रश्न विचारला, तो दौऱ्यावरच्या साहेबांच्या छावण्यांना माल पुरवताना खेड्यातल्या दुकानदारांना होणाऱ्या जाचाबद्दल. उत्तर मिळेल ते घ्यायचे आणि खाली बसायचे, अशी रीत. गोपाळ कृष्ण गोखले १९०२ साली कलकत्त्यात अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहिले, तेव्हा त्यांना उपप्रश्नही विचारता येत नव्हता आणि मतही मागता येत नव्हते. होते ते फक्त भाषण, आणि त्यात सरकारच्याच हिशेबवह्यांतले आकडे. लोक दुष्काळाने पिचलेले असताना तिजोरीत शिल्लक पडते ती भरभराटीची खूण नाही, कर जास्त असल्याची आहे, हा त्यांचा मुद्दा होता. मिठावरचा कर पुढच्या पाच वर्षांत मणामागे अडीच रुपयांवरून एक रुपयावर आला. १९०९ साली मूळ प्रश्नकर्त्याला आणि १९१९च्या सुधारणांनंतर इतर सदस्यांनाही उपप्रश्न विचारता येऊ लागला.

स्वतंत्र भारतात या हत्याराची धार पहिल्यांदा दिसली ती मुंदडा प्रकरणात. आयुर्विमा महामंडळ १ सप्टेंबर १९५६ रोजी सुरू झाले, मुख्यालय मुंबईत. (विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा निर्णय चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असतानाचा, महामंडळ प्रत्यक्ष उभे राहीपर्यंत ते मुंबईच्या प्रश्नावरून बाहेर पडलेले होते.) वर्षही उलटले नव्हते, तोच १९५७च्या जूनमध्ये महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले. त्यात आपल्या भायखळ्याची रिचर्डसन अँड क्रुडासही होती. गुंतवणूक समितीला विचारलेच नव्हते. पैसा विमेदारांचा, म्हणजे शाळामास्तरांचा, कारकुनांचा, गिरणीतल्या जॉबरांचा.

लोकसभेत प्रश्न आला तेव्हा सरकारची सुरुवातीची उत्तरे मोघम होती. तिथेच विषय संपला असता. पण तो धरून ठेवणारे सत्ताधारी बाकांवरचेच होते. रायबरेलीचे फिरोज गांधी, पंतप्रधान नेहरूंचे जावई. उपप्रश्न झाले, पुन्हा प्रश्न झाले, आणि १६ डिसेंबर १९५७ रोजी ते चर्चेला उभे राहिले तेव्हा त्यांच्याजवळ बाजारभाव होते आणि महामंडळाने मोजलेले भाव होते. त्यांनी ते शेजारीशेजारी ठेवले. आरोपाला उत्तर देता येते. सरकारच्याच खरेदीच्या आकड्यांना देणे अवघड जाते.

पुढचे सर्वांना माहीत आहे, तरी मुंबईचा भाग सांगायला हवा. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. त्यांनी सुनावणी मुंबईत आणि उघड घेतली. ती ऐकायला गर्दी लोटली. महिन्याभरात अहवालही आला. कोसळणारा शेअरबाजार सावरण्यासाठी ही खरेदी केली, ही सबब त्यांना पटली नाही. अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांचे म्हणणे होते, की अर्थसचिव एच. एम. पटेल यांनी जे केले ते आपल्या मंजुरीशिवाय. छागलांनी तेही मानले नाही: सचिवाने केलेल्या कृत्याची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याची. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णमाचारींनी राजीनामा दिला.

या प्रकरणाचे श्रेय एका धाडसी खासदाराला देऊन आपण मोकळे होतो. ते त्यांना द्यावेच. पण एवढ्यावर थांबलो तर नेमके तंत्र नजरेआड होते. पहिल्या मोघम उत्तरानंतर तोच विषय पुन्हा आणला गेला, हे तंत्र. आजच्या सभागृहांत हेच कमी दिसते. एका अधिवेशनात ‘बाब तपासण्यात येत आहे’ असे उत्तर मिळते, स्थानिक वर्तमानपत्रात आमदारांच्या फोटोसह बातमी येते, आणि पुढच्या अधिवेशनात ते दुसराच प्रश्न विचारतात. मतदारसंघाला प्रश्न विचारल्याचे कळले, काम झाले. काही प्रश्न तर विचारण्यासाठी नसून मागे घेण्यासाठीच टाकले जातात, अशी कुजबुज प्रत्येक अधिवेशनात असतेच. तिला पुरावा मागितला, तर कुजबुज करणाराही ‘प्रश्न उद्भवत नाही’ म्हणेल.

पाठपुराव्याची सोय नियमांत आहे. उत्तर समाधानकारक नसेल तर अध्यक्ष प्रश्न राखून ठेवू शकतात. अर्धा तास चर्चा मागता येते. मंत्र्याने सभागृहात ‘चौकशी करू’, ‘माहिती घेऊन पटलावर ठेवू’ असे म्हटले, की ते आश्वासन ठरते आणि आश्वासन समितीच्या वहीत जाते. लोकसभेत अशी समिती १९५३पासून आहे आणि आश्वासन तीन महिन्यांत पुरे करावे अशी अपेक्षा आहे. मुदतवाढ मागता येते. ती भरपूर मागितली जाते. अधिकारीही शहाणे झाले आहेत. आश्वासन मानले जाईल असा शब्द उत्तरात येऊ नये, म्हणून मसुद्यावर वेगळी नजर फिरवली जाते.

एक मर्यादा मात्र प्रश्नोत्तराच्या तासाला ओलांडता येत नाही. उपप्रश्नाला मिळतात दोन-तीन मिनिटे; फाइल काही तिथे उघडत नाही. बिल कोणत्या तारखेला मंजूर झाले, मोजमाप पुस्तिकेत काय नोंद आहे, निविदेची अट मध्येच कुणी बदलली, हे पाहायला वेगळी खोली लागते. तिथे मंत्री येत नाहीत, सचिवांना बोलावले जाते. कॅमेरे नसतात, आणि समोर टेबलावर महालेखापरीक्षकांचा अहवाल असतो. पुढच्या आठवड्यात त्या खोलीत, लोकलेखा समितीत जाऊ.