मामाचा ग्राफ

माझं ऑफिसातलं काम एका वाक्यात सांगायचं, तर कोण सोडून जाणार ते आधीच ओळखायचं. म्हणजे मोबाइल कंपनीचा कुठला कस्टमर पुढच्या तीन महिन्यांत नंबर पोर्ट करणार, याची लिस्ट कॉम्प्युटरकडून काढून घ्यायची. मशीन लर्निंग, बॉस! लग्नाकार्यात हे समजावताना माझी जाम दमछाक होते. एकट्या मामाला ते पहिल्या फटक्यात कळलं. बँकेत आयुष्य गेलेला माणूस. "खातं बंद करायला आलेलं गिऱ्हाईक आम्ही चेहऱ्यावरून ओळखायचो, तसंच ना गं?"

गेल्या वर्षी याच मामाला शर्टाची बटणं लावता येईनात. मग पाय अडखळायला लागला. टेस्टवर टेस्ट झाल्या आणि निदान आलं : एएलएस. स्नायूंना हुकूम सोडणाऱ्या मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या पेशी यात मरत जातात.

"किती वेळ आहे?" मामाने सरळ विचारलं. डॉक्टर म्हणाले, "पेशंटगणिक बदलतं." मला तेव्हा रागच आला. पण खरं होतं ते. बहुतेकांना लक्षणं दिसल्यापासून काही वर्षंच मिळतात. आणि स्टीफन हॉकिंगना 1963मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी निदान झालं, ते 2018पर्यंत जगले!

त्या रात्री मी नेटवर बसले आणि अवी क्रेमर सापडला. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकताना, 2004 साली त्याला एएलएस झाल्याचं कळलं. पठ्ठ्याने 'प्राइझ फॉर लाइफ' नावाची संस्था काढली. या संस्थेने 2012मध्ये स्पर्धा लावली, बक्षीस 50,000 डॉलर. जुन्या औषधचाचण्यांतल्या पेशंटचा पहिल्या तीन महिन्यांचा डेटा घ्या आणि पुढच्या नऊ महिन्यांत त्यांची तब्येत किती वेगाने घसरेल ते सांगा. तब्येत मोजायची ती मार्कांनी : बोलणं, गिळणं, लिहिणं, जिना चढणं, प्रत्येकाला शून्य ते चार.

जिंकलं कोण? स्टॅनफर्डची एक जोडी आणि चक्क मार्केटिंगचं गणित करणाऱ्या कंपनीतली माणसं! म्हणजे आमच्याच जातकुळीतली. पद्धतही ओळखीची निघाली. एकेक प्रश्न विचारत फांद्या फुटणारी झाडं वाढवायची आणि सगळ्यांचा कौल एकत्र करायचा. 2015मध्ये निकाल 'नेचर बायोटेक्नॉलॉजी'त छापून आले. पहिल्या दोन प्रोग्रॅमनी एएलएसच्या डॉक्टरांच्या अंदाजांनाही मागे टाकलं होतं. साध्या रक्ततपासणीतलं क्रिएटिनिनसुद्धा त्यांना उपयोगी पडलं. असे अंदाज वापरले तर औषधाची चाचणी साधारण वीस टक्के कमी पेशंटवर भागेल, असाही हिशोब त्यात होता.

पण ही सगळी गंमत घोळक्याची. माझ्या लिस्टमधला एखादा कस्टमर चुकला, तर फार तर बॉस ओरडतो. इथे मामा एकच आहे.

तरी मी मोह आवरू शकले नाही. फाइलमध्ये त्याचे तीन व्हिजिटचे मार्क होते. अठ्ठेचाळीसपैकी 41, 39, 36. एक्सेलमध्ये रेघ मारली. रेघ सरळ खाली गेली. तिच्याभोवती शक्यतेचा पट्टा रंगवला, तर तो एवढा पसरला की त्यात 'पुढच्या दिवाळीत चालतोय' आणि 'व्हीलचेअर' दोन्ही मावत होते. फाइल सेव्ह न करताच बंद केली.

रविवारी मामानेच विचारलं, "काढलास ना ग्राफ? तू काढल्याशिवाय राहणार नाहीस."

खोटं बोलावंसं वाटलं. पण बँकवाल्यापुढे आकडे लपवायचे कसे? पट्ट्यासकट सगळं कागदावर काढून दाखवलं. त्याने चष्मा लावून नीट पाहिलं. रेघेकडे नाही, पट्ट्याच्या खालच्या कडेकडे.

"म्हणजे वाईटात वाईट धरलं, तर डिसेंबरपर्यंत जिना जमेल?"

"जमेल बहुतेक."

"मग मे महिन्याचे आंबे राहू देत. डिसेंबरातच गुहागरला जाऊ. मला माडीवर झोपायचंय."

मामीने डोळे पुसत पाठ फिरवली. मी लॅपटॉप उघडून चिपळूणची तिकिटं काढली. मामाला विंडो सीट.