पेपर टाकलेत? मग हे ऐका

आयटीत नोटीस पिरियड बऱ्याचदा ९० दिवसांचा. पेपर टाकले की कामातून मन उडतं. पहिल्या नोकरीत माझंही उडालं, केटी कशीबशी उरकली. मी गेल्यावर रात्री दोनला प्रॉडक्शन बसलं आणि माझ्या जागी आलेला ज्युनियर एकटा अडकला. आजही तो माझे मेसेज बघतो, उत्तर देत नाही.

म्हणून दुसऱ्यांदा सोडताना मेल टाकायच्या आधी मॅनेजरला स्वतः सांगितलं. कुठला जॉब कधी फेल होतो, तेव्हा काय करायचं, सगळं लिहून ठेवलं. शेवटचे दोन रिलीज नव्या माणसाला करू दिले. मी नुसता शेजारी बसलो.

रिलीव्हिंग लेटर एचआर देतं. पण उद्या रेफरन्ससाठी फोन जातो, तो याच माणसांना. भेटू पुढच्या भागात!