‘फ्रायेबल’ म्हणजे तळण्याजोगे नव्हे

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत नव्याने लागलेल्या डिप्लोमाच्या मुलाला वाळू तपासणीच्या तक्त्यात एक शब्द हमखास अडवतो: फ्रायेबल. शाळा-कॉलेजात तो कधी भेटलेला नसतो. मग ‘फ्राय’शी नाते जोडून तो पुढे सरकतो.

तळण्याशी या शब्दाचा काहीही संबंध नाही. त्याचे मूळ लॅटिनमधले ‘फ्रिआरे’, म्हणजे चुरा करणे. बोटांत धरून चोळले की ज्याचा भुगा होतो, ते फ्रायेबल.

दुसरी चूक शिकलेली माणसेही करतात. ती फ्रायेबलला ‘ठिसूळ’ म्हणतात. ठिसूळ म्हणजे ब्रिटल, न वाकता फुटणारे. ग्रे कास्ट आयर्नचा जॉब घणाखाली तडकतो, तो ठिसूळ. पण कितीही चोळला तरी त्याची पूड होत नाही. वाळलेल्या साच्याची कड मात्र दाणा दाणा करत सुटते. हा वेगळा दोष आहे आणि त्याचा उपायही वेगळा आहे.

ओतकामात ज्याला ग्रीन सँड म्हणतात ती वाळू हिरवी नसते. कोल डस्टमुळे ती काळी दिसते. इथे ‘ग्रीन’ म्हणजे कच्ची, न भाजलेली, ओलसर. बेंटोनाइट आणि पाणी तिचे दाणे धरून ठेवतात. ओल कमी पडली, परत आलेली वाळू गरमच वापरली किंवा साचा बंद करण्याआधी फार वेळ उघडा राहिला, की वरचा थर सुकतो आणि भुरभुरू लागतो. सुटलेले दाणे धातुरसाबरोबर वाहत जाऊन कास्टिंगमध्ये अडकतात. मशीनिंगला टूल त्यावर आदळते तेव्हा दोष कळतो, आणि तोवर वितळवण्याचा सगळा खर्च होऊन गेलेला असतो.

‘आमच्या वाळूची स्ट्रेंग्थ चांगली आहे, मग ती फ्रायेबल कशी?’ असेही विचारले जाते. पण दाब सोसणे आणि घासणे सोसणे हे दोन गुण वेगळे. म्हणून चाचणीही वेगळी: वाळूचे दोन ठोकळे जाळीच्या ड्रममध्ये एक मिनिट फिरवायचे आणि वजन किती टक्के घटले ते पाहायचे. औषधाच्या गोळ्यांचीही अशीच परीक्षा होते. ड्रमचे 100 फेरे झाल्यावर घट साधारण 1 टक्क्याच्या आत हवी.

आता एवढे वाचून फ्रायेबल हा दोषच समजू नये. शिरोलीच्या हद्दीबाहेर उसाच्या रानात गेलात तर तोच शब्द कौतुकाचा होतो. मातीला फ्रायेबल म्हणणे म्हणजे ती भुसभुशीत आहे, मुळांना वाट देणारी आहे. डॉक्टरांच्या रिपोर्टमध्ये मात्र ‘फ्रायेबल टिश्यू’ म्हणजे नुसत्या स्पर्शाने फाटणारा, रक्त येणारा भाग. ॲस्बेस्टॉस फ्रायेबल असेल तर त्याचे तंतू हवेत मिसळून श्वासावाटे फुप्फुसात जाण्याची भीती मोठी.

शब्द एक आणि त्याचे मराठी रूप जागेप्रमाणे बदलणारे. रानात भुसभुशीत, साच्यात भुरभुरीत. म्हणून शॉप फ्लोअरवरच्या मराठी सूचनेत ‘साचा ठिसूळ आहे’ असे लिहू नका. ‘साच्याची कड भुरभुरते, ओल तपासा’ असे लिहा; मोल्डरला नेमके काय करायचे ते लगेच कळेल.