पहिली रायफल खांद्याला सोसेल तीच
शिकार : कायदा आणि कसब – भाग ६

मागच्या भागात कोलोरॅडोतल्या शिकार परवान्यांची सोडत पाहिली. समजा, नाव लागले आणि शरदात एल्कच्या मागावर निघायचे ठरले. एल्क सांबराच्याच कुळातला, पण अंगाने थोराड. पूर्ण वाढलेला नर ३०० किलोच्या पुढे जातो. एवढ्या जनावरासाठी दुकानात शिरलेला नवखा गडी हटकून विचारतो, ‘सगळ्यात जोरदार कोणती?’ दुकानदाराला असे गिऱ्हाईक आवडणारच.

कायद्याची अपेक्षा मात्र माफक आहे. कोलोरॅडोत एल्कसाठी गोळीचा व्यास किमान .२४ इंच हवा, वजन किमान ८५ ग्रेन, म्हणजे साडेपाच ग्रॅम. शंभर यार्डांवर तिच्यात १,००० फूट-पौंड ऊर्जा उरली पाहिजे आणि ती अंगात शिरल्यावर पसरणारी असली पाहिजे. अमेरिकन लष्कराने १९०६ साली स्वीकारलेले .३०-०६ हे काडतूस त्या अंतरावर याच्या दुपटीहून अधिक ऊर्जा देते. त्याच्याच घराण्यातून १९२५ मध्ये .२७० विंचेस्टर निघाले आणि ‘आउटडोअर लाइफ’ मासिकातून जॅक ओ’कॉनर यांनी आयुष्यभर त्याची तरफदारी केली. १९५२ चे .३०८ आखूड आणि आटोपशीर. २००७ चे ६.५ क्रीडमूर आणखी सौम्य, फक्त एल्कसाठी त्याला अंतराची मर्यादा जरा लवकर येते. या चौघांत डावे-उजवे करत रात्र-रात्र वाद घालणारे लोक आहेत. खुशाल घालोत. नवख्याने यातले जवळच्या दुकानात सहज मिळणारे काडतूस निवडावे आणि मोकळे व्हावे.

खरी अडचण पुढे आहे, ती धक्क्याची. .३०० विंचेस्टर मॅग्नमसारखी काडतुसे कागदावर रुबाबदार दिसतात, पण पहिल्या चार-पाच बारांतच खांदा धसका घेतो. मग खटका दाबायच्या आधीच डोळे मिटतात, खांदा पुढे रेटला जातो आणि नळीचे तोंड खाली झुकते. बार झाल्यावर सगळी रायफलच उसळते, त्यामुळे उडवणाऱ्याला आपली चूक दिसतही नाही. ती पकडायची युक्ती जुनी आहे. नेमबाजीच्या मैदानावर जोडीदाराने रायफल भरून द्यावी. कधी खरे काडतूस, कधी बिनदारूचे सरावाचे. आत काय आहे हे उडवणाऱ्याला सांगायचे नाही. बिनदारूच्या काडतुसावर नळीने मुजरा केला, की रोग कळला.

मोठे काडतूस ही चूक भरून काढत नाही. पोटात बसलेली जड गोळीही एल्कला मैलभर पळवते आणि हाल करून मारते. फुप्फुसांतून आरपार गेलेली मध्यम गोळी त्याला बहुधा थोड्याच अंतरावर पाडते. इथे कुणीतरी हमखास डब्ल्यू. डी. एम. बेलचा दाखला देतो. या स्कॉटिश शिकाऱ्याने आफ्रिकेत शेकडो हत्ती .२७५ च्या हलक्या रायफलीने मारले. दाखला खरा, पण अर्धा. बेलने हत्तीच्या कवट्या करवतीने कापून मेंदूची नेमकी जागा अभ्यासली होती. तो अभ्यास काही रायफलीच्या खोक्यातून मिळत नाही.

म्हणून पहिला सराव .२२ वर करावा असे मला वाटते. एल्कसाठी ती कायद्यात बसत नाही, पण तिला धक्का जवळजवळ नसतो आणि काडतुसे स्वस्त. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले ते .२२ वरच, गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभ्याने नेम धरत. डोंगरात टेबल-खुर्ची नसते. शिकाऱ्यालाही याच तीन बैठका लागतात.

वजनाचा मोह वेगळाच. तीन हजार मीटर उंचीवर दम लागतो, तेव्हा हलकी रायफल हवीशी वाटते. पण काडतूस तेच ठेवून ३.६ किलोऐवजी २.७ किलोची रायफल घेतली, तर धक्क्याची ऊर्जा निदान एक तृतीयांशाने वाढते. दुर्बिणीसकट साडेतीन ते चार किलो ही मधली वाट मला पटते.

राहिला दस्ता. कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक दस्त्यांची खटक्यापासूनची लांबी साधारण साडेतेरा इंच असते, म्हणजे मध्यम उंचीच्या पुरुषाच्या मापाची. बुटक्या माणसाला, बऱ्याच बायकांना ती लांब पडते. मग मान ताणून नेम धरावा लागतो आणि दुर्बिणीची कड भुवई फोडते. आखूड दस्त्याच्या रायफली मिळतात, त्या मागाव्यात. दुकानात जाताना थंडीतले जाड जाकीट अंगात असू द्यावे, कारण त्याच्या जाडीने दस्ता आणखी लांब होतो. डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, मग उघडायचे. दुर्बिणीतले चित्र पूर्ण गोल दिसले, तर माप बरोबर. चंद्रकोर दिसली, तर दुसरी मागायची. दुर्बीण कोणती घ्यायची, ते पुढच्या आठवड्यात.