फॉग, मिस्ट आणि हेझ : सीमारेषा नेमकी कोठे?

इंग्रजीतील 'फॉग' आणि 'मिस्ट' हे दोन शब्द मराठीत बहुधा 'धुके' या एकाच शब्दात सामावले जातात, आणि भेद करणे भागच पडले तर दाट व विरळ अशी विशेषणे लावून काम भागवले जाते. ही सोय वरवर ढोबळ वाटली तरी ती वस्तुस्थितीला धरून आहे. उलट, शब्द दोन आहेत तर त्यांमागचे पदार्थही दोन असले पाहिजेत, ही समजूत इंग्रजी वाचणाऱ्यांत, आणि खुद्द इंग्रजी भाषकांतही, चांगलीच रुजलेली आढळते. फॉग म्हणजे शहरावर किंवा बंदरावर दाटणारे करडे, जड धुके व मिस्ट म्हणजे डोंगरदऱ्यांतले हलके, ओलसर धुके, हा भेद मुख्यतः कथा-कादंबऱ्यांतून आलेला आहे. हवामानशास्त्राच्या नोंदवहीत त्याला स्थान नाही.

त्या नोंदवहीतील कसोटी एकच आहे, ती म्हणजे दृश्यमानता. हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म जलबिंदूंमुळे जमिनीलगत 1 किलोमीटरपलीकडचे दिसेनासे झाले तर फॉग, आणि तशाच कारणाने दृश्य पुसट होऊनही 1 किलोमीटर किंवा त्याहून अधिक अंतरापर्यंतचे दिसत राहिले तर मिस्ट, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. विमानतळांवरून दिल्या जाणाऱ्या हवामान-अहवालांत मिस्टची वरची मर्यादा 5 किलोमीटर धरली जाते. म्हणजे पहाटे 900 मीटरपर्यंत दिसत असताना ज्या धुक्याची नोंद फॉग अशी झाली, तेच धुके तासाभरात थोडे विरळ होऊन 1,100 मीटरपर्यंत दिसू लागले की मिस्ट ठरते. हवा तीच, पाणी तेच, बदलला तो फक्त आकडा. भारतीय हवामान विभाग फॉगच्याही पायऱ्या पाडतो : 500 ते 1,000 मीटर दिसत असल्यास ते विरळ, 200 ते 500 मीटर असल्यास मध्यम, 50 ते 200 मीटर असल्यास दाट आणि 50 मीटरहून कमी असल्यास अतिदाट. ब्रिटनमध्ये वैमानिकांसाठी 1 किलोमीटरचीच मर्यादा पाळली जात असली, तरी सर्वसामान्य जनतेसाठीच्या अंदाजात दृश्यमानता सुमारे 180 मीटरखाली गेल्यावरच फॉग हा शब्द वापरण्याची रीत आहे, कारण रस्त्यावरील वाहनचालकाला 800 मीटरवरचे दिसले नाही म्हणून काही अडत नाही. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारे वाहन 50 मीटर अंतर तीन सेकंदांत कापते, हे लक्षात घेतल्यास अतिदाट या पायरीचा अर्थ स्पष्ट होतो.

खरा, म्हणजे पदार्थाचा, भेद आहे तो मिस्ट आणि 'हेझ' यांच्यात, आणि नेमका तोच सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. हेझ म्हणजे धूळ, धूर, मीठ यांच्या अतिसूक्ष्म कोरड्या कणांनी हवेला आलेला धूसरपणा. तेथे पाण्याचा संबंध नसतो किंवा फार थोडा असतो, आणि म्हणून निरीक्षक सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या बाष्पाच्या तुलनेत प्रत्यक्ष असलेले बाष्प, पाहून निर्णय घेतात : आर्द्रता शंभर टक्क्यांच्या जवळ असेल तर मिस्ट, बरीच खाली असेल तर हेझ. हिवाळ्यातील सकाळी मुंबईच्या इमारतींवर जो करडा पडदा दिसतो त्याला सर्रास धुके म्हटले जाते, पण पुष्कळदा तो हेझच असतो आणि उन्हे चढल्यावरही हटत नाही. रंगावरूनही काही अंदाज बांधता येतो. हेझचे कण प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपासचे किंवा त्याहून लहान असल्याने गडद डोंगराच्या पार्श्वभूमीवर हेझ निळसर व उजळ आकाशासमोर पिवळट भासते, तर फॉग पांढरा किंवा करडाच दिसतो.

या दोहोंमधील दुवा समजण्यास एकोणिसाव्या शतकातील एक शोध उपयोगी पडतो. स्कॉटलंडमधील जॉन एटकिन यांनी 1880च्या सुमारास प्रयोगांनी असे दाखवले की, पूर्णपणे गाळून धूलिरहित केलेल्या हवेत वाफ सोडली तरी धुके तयार होत नाही. बाष्पाला जलबिंदूचे रूप घेण्यासाठी बसायला एखादा कण लागतो, ज्याला आज संघनन-केंद्रक म्हणतात. मीठ किंवा सल्फेट यांसारखे आर्द्रताशोषक कण हवा संपृक्त होण्याआधीच पाणी ओढून फुगू लागतात, आणि या भिजलेल्या, पण अद्याप पूर्ण जलबिंदू न बनलेल्या कणांचाही मिस्टमध्ये मोठा वाटा असतो. स्वीडिश शास्त्रज्ञ हिल्डिंग कोलर यांच्या सिद्धांतानुसार हवा किंचित अतिसंपृक्त झाली आणि कणाने एक ठरावीक आकार ओलांडला की तो आपोआप वाढत जाऊन खरा जलबिंदू होतो. त्या बिंदूंची गर्दी झाली की फॉग जमतो. हेझपासून फॉगपर्यंतचा हा प्रवास सलग आहे आणि 1 किलोमीटरची रेघ त्यावर माणसाने व्यवहारासाठी मारलेली आहे, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

धुके म्हणजे वाफ, ही समजूतही याच ओघात तपासण्यासारखी आहे. बाष्प अदृश्य असते. डोळ्यांना दिसते ते द्रवरूप पाणी, आणि तेही दाट धुक्याच्या एका घनमीटरमध्ये बहुधा अर्ध्या ग्रॅमहून कमी. एवढ्याशा पाण्याने दृष्टी अडते, कारण ते असंख्य बिंदूंत विभागलेले असते आणि बिंदू जितके बारीक व संख्येने जास्त, तितका त्यांचा प्रकाश अडवणारा एकूण पृष्ठभाग मोठा. म्हणूनच प्रदूषित हवेत, जेथे केंद्रकांचा सुकाळ असतो, तेवढ्याच पाण्याचे धुके अधिक आंधळे होते. दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळावर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2015च्या हिवाळ्यापासून जो धुक्याविषयीचा क्षेत्रीय प्रयोग चालवला आहे, त्यात जलबिंदू, वातकण व जमिनीची उष्णता यांचे एकत्रित मापन केले जाते ते या परस्परसंबंधांच्या शोधासाठीच.

भाषेत धुके 'पडते', परंतु उत्तर भारतातील मैदानी धुके वरून पडत नाही. निरभ्र, वारा पडलेल्या लांब रात्री जमीन उष्णता गमावते, तिला टेकलेली हवा थंड होते आणि धुके तळापासून वर वाढते. सकाळी ऊन त्यातून झिरपून जमीन तापवते, धुके खालून विरते आणि ते 'उचलले गेले' असा भास होतो. याउलट पावसाळ्यात आंबोली किंवा महाबळेश्वर येथे वाहनांना दिवसाही दिवे लावायला भाग पाडणारे धुके हे सह्याद्रीच्या चढावर चढून थंड झालेल्या समुद्री हवेचे ढगच असतात. कोकणातून पाहणाऱ्याला तो ढग आणि घाटमाथ्यावर उभ्या असलेल्याला फॉग, आणि दोघांचेही बरोबर आहे. धुके हिवाळ्याचेच असते, ही समजूत येथे टिकत नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे प्रसिद्ध धुके तर ऐन उन्हाळ्यात, किनाऱ्यालगतच्या थंड सागरी पाण्यामुळे येते.

'स्मॉग', म्हणजे मराठी वृत्तपत्रांतील धुरके, हा धूर आणि फॉग यांच्या इंग्रजी नावांचा जोडशब्द असून लंडनमधील डॉ. हेन्री देव्हो यांनी 1905 मध्ये तो प्रचारात आणला. डिसेंबर 1952 मधील लंडनच्या धुरक्याने हजारो बळी घेतल्यानंतर 1956चा स्वच्छ हवा कायदा आला. मात्र लॉस एंजेलिसचे धुरके कोरड्या, उन्हाळी हवेत वाहनांच्या धुरावर सूर्यप्रकाशाची प्रक्रिया होऊन बनते. त्यात फॉग औषधालाही नसतो आणि तरीही नाव तेच चिकटले आहे.

शब्दांचा गोंधळ व्यावसायिकांनाही सुटलेला नाही. अमेरिकेत बोलताना मिस्ट म्हणजे पुष्कळदा रिमझिमीहूनही बारीक भुरभुर, जी हवामानशास्त्रात 'ड्रिझल' या सदरात जाते. विमानतळ-अहवालात मिस्टसाठी 'बीआर' ही सांकेतिक अक्षरे असतात, ती फ्रेंच 'ब्रूम' या शब्दावरून आलेली आहेत; पण शिकाऊ वैमानिक ती 'बेबी रेन' म्हणून पाठ करतात, आणि त्यामुळे मिस्ट हा छोटासा पाऊस असल्याची समजूत नकळत पक्की होते.

पिवळा दिवा धुके भेदतो, हा विश्वासही हेझ व फॉग यांच्या गल्लतीतूनच निपजलेला असावा. हेझच्या बारीक कणांवर निळा प्रकाश अधिक विखुरतो हे खरे; परंतु फॉगमधील बिंदू बहुधा काही मायक्रोमीटर ते काही डझन मायक्रोमीटर व्यासाचे, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठे असल्याने ते सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. फ्रान्समध्ये 1993 पर्यंत वाहनांचे पुढचे दिवे पिवळे असणे सक्तीचे होते, तरी तेथील धुके त्यामुळे अधिक पारदर्शक झाले नव्हते. फॉग-दिव्याचा उपयोग होतो तो रंगामुळे नव्हे. तो खाली बसवलेला असतो आणि त्याचा झोत रुंद व वरच्या बाजूला छाटलेला असतो, त्यामुळे बिंदूंवरून परतणारा उजेड चालकाच्या डोळ्यांत कमी येतो. झगझगीत 'अपर' दिवा लावल्यास नेमके उलट घडते आणि समोर पांढरी भिंत उभी राहते.